अर्धा कोयता

साक्षांकित केलेला सोर्स कोड मी नोकरीत एकदाच पाहिला. एका कार्यालयाला आम्ही कळवलं होतं की, तुम्ही तयार केलेलं सॉफ्टवेअर आमच्या नव्या पोर्टलवर ठेवायचं आहे, तरी सोर्स कोड द्यावा. पंधरा दिवसांनी शिपायानं माझ्या टेबलावर नाडीनं बांधलेला गठ्ठा आणून ठेवला. आत कोडची छापील पानं होती. प्रत्येक पानावर गोल शिक्का, 'सत्यप्रत' असा शेरा आणि खाली सही.

समोरच्या टेबलावरचा अनंत उठून आला. त्यानं पहिलं पान पाहिलं, मग एकदम शेवटचं.

"गुरुजी, ही सत्यप्रत खोटी आहे," तो म्हणाला.

"का रे?"

"शेवटचा कंस बंद केलेला नाही. हे चालणारच नाही."

अनंत माझ्याहून दहा वर्षांनी लहान. माझ्या खणात कायम एखादं पुस्तक असायचं म्हणून तो मला गुरुजी म्हणायचा. नगरच्या आमच्या संगणक कक्षात आम्ही चौदा वर्षं समोरासमोर बसलो. पोर्टल सुरू झालं तेव्हा तो नव्हता. आधीच्या उन्हाळ्यात आजारी पडला, आणि दोन महिन्यांत गेला. भावासाठी रजा मिळते, सहकाऱ्यासाठी मिळत नाही. तेराव्यालाही मी अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकून गेलो होतो.

मी आता निवृत्त आहे. सावेडीच्या घरात सकाळी चहा झाला की हे थोडं थोडं लिहितो. पोर्टल कसं उभं राहिलं त्याचा सगळा इतिहास सांगत नाही, तो फाइलीत आहे. एका प्रोग्रॅमची आणि माझ्या हातून झालेल्या एका उशिराची गोष्ट तेवढी सांगतो.

आधी आमचं काम काय होतं ते सांगायला हवं. सोर्स कोड म्हणजे माणसानं संगणकासाठी लिहिलेल्या सूचना. दुसऱ्या जाणत्या माणसाला त्या वाचता येतात आणि बदलताही येतात. पण कार्यालयाच्या हाती बहुतेक वेळा नुसता चालणारा प्रोग्रॅम येतो. सूचना ज्यानं लिहिल्या त्याच्याकडेच राहतात. तो माणूस बदलून गेला की प्रोग्रॅम चालतो, पण त्यात एक अक्षर हलवता येत नाही. आमच्या जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा हे सगळ्यांना कळलं. एका कार्यालयाचे दाखले कितीतरी दिवस जुन्या नावानंच छापून निघत होते, कारण ते नाव आत कुठं लिहिलंय हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं. तिथला कारकून प्रत्येक दाखल्यावर पेनानं दुरुस्ती करून शेजारी सही करायचा.

शिवाय एका जिल्ह्यात केलेलं काम शेजारच्या जिल्ह्याला ठाऊक नसे. हजेरीचा, टपालाचा, टँकरच्या फेऱ्यांचा, असे तेच ते प्रोग्रॅम जो तो पहिल्यापासून लिहून घेई. म्हणून असं ठरलं की सरकारी कार्यालयांची सॉफ्टवेअरं त्यांच्या सोर्स कोडसकट एका जागी ठेवायची. कोणीही घ्यावं, वापरावं, आपल्यापुरतं बदलावं. बदल सगळ्यांच्या उपयोगाचा असेल तर परत पाठवावा. यालाच ओपन सोर्स म्हणतात. ग्रंथालयच म्हणा, फक्त इथं वाचकानं समासात दुरुस्ती करावी अशी अपेक्षा असते. प्रत्येक सॉफ्टवेअरला एक राखणदार नेमलेला असतो. आलेली दुरुस्ती त्यानं वाचायची आणि 'स्वीकारा' हे बटण दाबायचं, नाहीतर कारण लिहून परत करायची.

ऐकायला सोपं वाटतं. आमचे त्या वेळचे वरिष्ठ पहिल्याच बैठकीत म्हणाले, "घाम आपण गाळायचा आणि दुसऱ्यानं आयतं न्यायचं? मग आपल्याकडे काय राहिलं?"

"साहेब, सगळं राहतं की," अनंत म्हणाला. "दिलं तरी आपल्यातलं कमी होत नाही. तीच तर गंमत आहे."

"गंमत टिपणीवर लिहून आणा."

अनंतनं खरंच लिहून आणली. चार पानी टिपणी, आणि ती मंजूर झाली.

पुढची अडचण नेमकी उलटी होती. 'कोणीही घ्यावं' यावर कोणाचा विश्वासच बसेना. रोज पत्रं येऊ लागली, सदर प्रणाली वापरण्यास परवानगी मिळावी. परवानगी लागत नाही असं फोनवर सांगितलं की समोरचा म्हणायचा, "तसं लेखी द्या." शेवटी मी 'परवानगीची आवश्यकता नाही' असं पत्र तयार केलं आणि जावक क्रमांक टाकून ज्याला त्याला पाठवू लागलो. त्या पत्राच्या जोरावर निम्म्या राज्यानं आमची सॉफ्टवेअरं घेतली. एका साहेबांनी तर पत्राची पोच देऊन 'परवानगीबद्दल आभार' मानले.

पोर्टलवर मी सगळ्यात आधी ठेवला तो अनंतचा प्रोग्रॅम.

जामखेड, पाथर्डीकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. मुलं बरोबर जातात. गावच्या शाळेत पट कोरा पडतो आणि कारखान्याच्या भागातल्या शाळेला पत्ता नसतो की आपल्या हद्दीतल्या कोप्यांत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांत, कोण मुलं येऊन राहिली आहेत. अनंतचा प्रोग्रॅम या दोन शाळांना जोडायचा. निघायच्या आधी गावातल्या शिक्षकानं नोंद करायची. टोळी जिथं उतरेल तिथल्या शाळेला मुलांची यादी आपोआप मिळायची. टोळी दुसऱ्या गावी हलली की मुकादम मोबाईलवरून कळवायचा आणि यादी पुढच्या शाळेत जायची.

हे लिहिण्याआधी अनंत खर्ड्याला जाऊन एका मुकादमासमोर दोन दिवस बसला होता. पहिल्या दिवशी मीही गेलो होतो. अनंतनं विचारलं, "टोळीत माणसं किती?"

"मानसं न्हाई मोजत आमी," मुकादम म्हणाला. "कोयतं मोजतो. धा कोयतं, बारा कोयतं."

"कोयता म्हणजे?"

"कोयता म्हंजी जोडी. नवरा-बायकू. एक तोडतंय, एक मोळी बांधतंय. येकट्यानं ऊस तुटतोय व्हय, साहेब? तुमी हापिसात एका हातानं फाईल बांधता का?"

अनंत एवढा हसला की मुकादमानं त्याला चहा पाजूनच सोडलं.

म्हणून त्याच्या प्रोग्रॅममध्ये कुटुंब नव्हतं, कोयता होता. टोळी, तिच्यात कोयते, प्रत्येक कोयत्यात दोन नावं, खाली मुलं. टोळीची जी यादी मुकादमाकडे खरोखरच असते तिच्यावरच त्यानं सगळं उभं केलं होतं. म्हणून तो प्रोग्रॅम चालला. त्याच्या आधीचे दोन प्रोग्रॅम रेशन कार्डावर बेतलेले होते, ते एका हंगामात बंद पडले.

अनंतची आणखी एक सवय होती. कोड लिहिताना माणूस मध्ये मध्ये स्वतःसाठी टिपणं लिहून ठेवतो. संगणक ती वाचत नाही, पुढचा माणूस वाचतो. बहुतेक जण ती इंग्रजीत लिहितात. अनंत मराठीत लिहायचा, आणि बोलल्यासारखी. 'इथं हात लावण्यापूर्वी चहा प्या.' 'हे असं का केलं ते मला नाही, मुकादमाला विचारा.' एका जागी होतं, 'दोन्ही नावं आल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नये. शिक्षक मंडळी आळशी असतात.' त्याची बायको शिक्षिका आहे.

तो गेल्यावर त्या प्रोग्रॅमचा राखणदार मी झालो. खरं सांगायचं तर मी तो कोड कामाखेरीजही उघडायचो. त्याची पत्रं माझ्याजवळ नव्हती. रोज समोर बसणाऱ्याला कोण पत्र लिहितं? ही टिपणं तेवढी होती.

पोर्टलच्या दुसऱ्या हंगामात, दिवाळीनंतर, त्या प्रोग्रॅमसाठी एक दुरुस्ती आली. पाठवणारी होती खर्ड्याजवळच्या एका वस्तीशाळेची शिक्षिका, मीनाक्षी. शिक्षकांत जे संगणकात रमतात त्यांना आमच्याकडे तंत्रस्नेही म्हणतात, त्यांतली. प्रशिक्षणात मीच तिला पोर्टल दाखवलं होतं. दुरुस्ती एका ओळीची होती. दोन नावांची सक्ती काढून टाकायची. अनंतची ती ओळ आणि तिच्यावरचं टिपण, दोन्ही पुसलं जाणार होतं. त्या जागी तिनं लिहिलं होतं, 'एकच नाव असेल तरी पुढे जाऊ द्यावं.'

मी वाचलं आणि परत केलं. कारण लिहिलं, 'चाचणीचा अहवाल जोडलेला नाही.'

चार दिवसांत तिनं अहवाल जोडून पाठवला. नीट केलेला होता. मी पुन्हा परत केला. 'सक्ती काढल्यास अपूर्ण नोंदी वाढतील, याचा विचार व्हावा.' मुद्दा अगदीच खोटा नव्हता. तिनं उत्तर दिलं की अर्धा कोयता असा वेगळा पर्याय ठेवते, तो निवडला तरच एक नाव चालेल. तिसऱ्या वेळी मी काहीच लिहिलं नाही. दुरुस्ती तशीच पडू दिली. ज्या माणसानं 'परवानगीची आवश्यकता नाही' असं पत्र राज्यभर वाटलं, त्यानं हे केलं. मनाशी म्हणायचो, अनंतनं विचार करूनच लिहिलं असणार. तो खर्ड्याला दोन दिवस बसला होता, ही बाई काय सांगते?

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"सर, माझी दुरुस्ती पडून आहे."

"पाहतो, मॅडम. कामं बरीच आहेत."

"तिसऱ्यांदा पाठवून महिना झाला, सर. तुम्हीच शिकवलं होतं ना, राखणदारानं स्वीकारावं नाहीतर कारण लिहावं म्हणून? कारण तरी लिहा. मला पुढच्या प्रशिक्षणात फळ्यावर लिहायला उपयोगी पडेल."

मला राग आला. मी म्हणालो, "हा नियम ज्यानं घातला त्यानं मुकादमाला विचारून घातला होता. कोयता म्हणजे जोडी."

"कोणत्या मुकादमाला?" ती म्हणाली. "पुरुषालाच ना? आमच्या वस्तीवर कौसल्या म्हणून आहे. नवरा तीन वर्षांमागं वारला. ती भावकीच्या टोळीत अर्धा कोयता म्हणून जाते. अर्धा कोयता म्हणजे एकटं माणूस. मुकादमाला तो शब्द चांगला माहीत असतो, सर. तुम्ही विचारला नाही म्हणून त्यानं सांगितला नाही."

मी समोरच्या कागदावर कौसल्याचं नाव लिहिलं.

"तिची पोरगी सारिका माझ्याकडे चौथीत आहे. गेली दोन वर्षं प्रोग्रॅम पुढे जाईना म्हणून दुसऱ्या रकान्यात मीच कौसल्याच्या नवऱ्याचं नाव भरत होते. मेलेल्या माणसाचं. सगळे शिक्षक हेच करतात. मग तिकडचे गुरुजी यादी घेऊन कोप्यांवर जातात आणि सगळ्यांसमोर विचारतात, दत्तू कुठाय? यंदा निघताना ती माझ्या दारात येऊन म्हणाली, बाई, माज्या मालकाचं नाव आता घालू नगा. दर साली कुनी ना कुनी येतंय नि इचारतंय. म्हणून यंदा मी नाही घातलं. नोंद झाली नाही. पोरगी कुठल्याच यादीत नाही."

"तिकडच्या शाळेत फोन करायचा."

"केला. श्रीगोंद्याकडच्या ज्या गावात टोळी उतरली होती तिथं केला. ते गुरुजी कोप्यांवर जाईपर्यंत टोळी पुढं गेली. पुढं कुठं, ते तुमचा प्रोग्रॅमच सांगतो ना? पण ज्यांची नोंद आहे त्यांचंच. टोळीतली बाकीची पोरं दुसऱ्या शाळांची, ती मला दिसत नाहीत."

फोन ठेवल्यावर मी कोड उघडला. ती ओळ, ते टिपण. मग प्रोग्रॅममधून त्या टोळीच्या मुकादमाचा नंबर काढला, टोळी कुठं आहे ते विचारून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीनं श्रीगोंद्याला गेलो. तिथून रिक्षानं पुढं. दुरुस्ती स्वीकारायला जाण्याची काही गरज नव्हती. बटण नगरमध्येच होतं. पण तोवर मी माझ्या मनातल्या अनंतशी भांडत होतो आणि मला साक्षीदार हवा होता.

रस्त्याच्या कडेला पाचटाच्या कोप्या होत्या. मोठी माणसं उसाच्या फडात गेलेली. एका कोपीपुढं नऊ-दहा वर्षांची मुलगी लहान भावाला कडेवर घेऊन उभी होती. नाव विचारलं तर म्हणाली, "सारिका."

"शाळेत जात नाहीस?"

"बाकीची गेल्यात. माजं नाव न्हाई यादीत." आज बाजार नाही असं सांगावं, तसं ती म्हणाली. "गुरुजी आल्ते. म्हनले, नाव आलं की न्यायला येतो."

मी सहा-सात मुलांची नावं विचारली. सगळी शेजारच्या गावच्या शाळेत जात होती. प्रोग्रॅम अगदी अनंतनं ठरवलं होतं तसा चालत होता. एवढी एक मुलगी सोडून.

दुपारी कौसल्या जेवायला आली. तिशीची असेल. मी सरकारी माणूस आहे हे कळल्यावर तिनं डोक्यावरची मोळी टाकली आणि पहिलं वाक्य बोलली, "दत्तू न्हाईत. वारल्यात. ल्हून घ्या एकदाचं."

"मी त्यासाठी नाही आलो, ताई. मुलीचं नाव घालायला आलोय."

"आन त्येंचं?"

"त्यांचं नाही घालणार. तुमचं एकटीचं."

"एकटीचं चालतंय व्हय?" ती हसली. "मुकादमाला चालतंय. माज्या वाटचा ऊस म्या तोडते, मोळी म्याच बांधते. त्येला चालतंय. मग तुमच्या कम्पुटरलाच काय धाड भरली हुती?"

ज्यानं ती ओळ लिहिली तो माझा मित्र होता आणि तोही वारला आहे, हे मी तिला सांगितलं. का सांगितलं ठाऊक नाही. तिनं भाकरी सोडून पुढ्यात घेतली.

"त्येंला ठावं नसंल," ती म्हणाली. "असतं तर केलं असतं त्यांनी."

तिनं अनंतला पाहिलेलं नव्हतं, तरी जे मला महिनाभर सुचलं नाही ते ती एका वाक्यात बोलली. अनंतला कळलं असतं तर त्यानं ती ओळ त्याच दिवशी काढली असती, वर माझी चेष्टा केली असती. ओळ मी धरून बसलो होतो. तो नाही.

मी तिथंच, कोपीच्या सावलीत बसून लॅपटॉप उघडला. मोबाईलची रेंज एक काडी दाखवत होती. मीनाक्षीची दुरुस्ती पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचली आणि 'स्वीकारा' दाबलं. गोल चक्र फिरत राहिलं. सारिका भावाला घेऊन माझ्या मागून पडद्याकडे पाहत होती. दुरुस्ती स्वीकारली गेली. मी मीनाक्षीला फोन केला, तिनं शाळेतूनच नोंद भरली. एक नाव, अर्धा कोयता, खाली दोन मुलं. चारच्या सुमारास शेजारच्या शाळेचे गुरुजी मोटरसायकलवरून आले. हातातल्या मोबाईलमध्ये यादी होती. त्यांनी हाक मारली, "कौसल्याबाई कोण?"

"म्या," ती म्हणाली.

सारिका दुसऱ्या दिवसापासून शाळेत गेली. हे सुखानं संपलं असं म्हणायची मला सोय नाही. हंगामाचा अर्धा भाग गेला होता. परीक्षेत ती भागाकारात मागं पडली, मीनाक्षीनं ते मला मुद्दाम कळवलं, आणि कळवलं ते बरोबर केलं. त्यातला महिना माझ्या टेबलावर गेला होता.

त्या आठवड्यात दुसऱ्या जिल्ह्यांतही ती दुरुस्ती पोचली. एका नावाच्या नोंदी येऊ लागल्या. मी नावंसुद्धा न ऐकलेल्या वस्त्यांवरून. बाया जास्त, पण पुरुषही होते. बायको वारलेले, पोरांना घेऊन एकटे निघालेले. इतके दिवस या सगळ्यांच्या शेजारी शिक्षकांनी कोणाकोणाची नावं लिहिली असतील, ते मी मोजायचं टाळलं.

मी मग दोन गोष्टी केल्या. पहिली, पोर्टलवर नियम घालून घेतला की कोणतीही दुरुस्ती आठ दिवसांच्या वर राखणदाराकडे पडून राहिली तर ती दुसऱ्या राखणदाराकडे जाईल. यासाठी तीन बैठका झाल्या. 'राखणदाराच्या अधिकारावर गदा येते' असं एकानं म्हटलं. मी माझंच उदाहरण सांगितलं, नावानिशी. मग नियम मंजूर झाला.

दुसरी, निवृत्तीच्या आधी अनंतच्या प्रोग्रॅमचं राखणदारपण मीनाक्षीला दिलं. लेखकांच्या यादीत पहिलं नाव अनंतचं आहे, दुसरं तिचं. त्याची बाकीची टिपणं तिनं जिथल्या तिथं ठेवली आहेत. ज्याला हवं त्यानं पोर्टलवर जाऊन वाचावीत.

राखणदार झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं एक ओळ काढून टाकली. ती माझी होती. अनंत आजारी असताना घाईनं घातलेली. कळलं तेव्हा मी जाब विचारायला फोन उचलला, नंबरही लावला. मग बंद केला आणि आधी ती ओळ वाचली.

ती चूकच होती.